चार गावं, चार तऱ्हेचं पाणी

युरोपात दोन वर्षं शिकून आले असं कळलं की ओळखीच्या बायका पहिला प्रश्न विचारतात, "आयफेल टॉवर पाहिलास का गं?" मैत्रिणींनो, खरं सांगते, नाही पाहिला. व्हेनिसची होडी नाही की स्वित्झर्लंडचा बर्फ नाही. मी पाहिले ते मातीचे बांध, जमिनीखालच्या टाक्या, नदीकाठची रिकामी कुरणं आणि भिंतींवर कोरलेल्या रेघा. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जाऊन हे काय पाहायचं? पण मी सांगलीची, आमचं घर गावभागात. 2005 सालच्या पुरात मी शाळेत होते. आईची भांडी, आजीचा देव्हारा आणि माझी वह्यापुस्तकं एकाच गढूळ पाण्यात तरंगताना मी पाहिली होती. स्थापत्याची पदवी घेतल्यावर पुढे काय शिकायचं, हा प्रश्न मला फारसा पडलाच नाही.

युरोपीय संघाची 'इरॅस्मस मुंडुस' नावाची योजना 2004 सालापासून आहे. निरनिराळ्या देशांतली विद्यापीठं मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि विद्यार्थी या गावाहून त्या गावाला जात तो पुरा करतात. चांगली निवड झाली तर शिष्यवृत्तीही मिळते, म्हणून तर आमच्यासारख्या घरातून जाणं जमलं. माझा विषय होता पुराच्या धोक्याचं व्यवस्थापन. गावं चार: जर्मनीतलं ड्रेस्डेन, हॉलंडमधलं डेल्फ्ट, स्पेनमधलं बार्सिलोना आणि स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना. 2013 च्या दसऱ्याच्या सुमारास मी निघाले. वर्गात बांगलादेश, इथिओपिया, कोलंबिया असे कुठकुठले लोक. पण प्रत्येकाच्या गावाला एक द्वाड नदी होतीच!

दोन बॅगांचा संसार

दर काही महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय, हे बदलीच्या नोकरीवाल्या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. नवी खोली, नवं भाडं, नव्या सरकारी कचेरीत नोंदणी, आणि जरा कुठे भाजीवाला ओळखीचा होतोय तोवर पुन्हा बांधाबांध. तुमच्यापैकी कुणाची लेक जाणार असेल, तर अनुभवाचं सांगते. तीन लिटरचा कुकर, लाटणं, मिसळणाचा डबा आणि घरचा गोडा मसाला द्या. पोळपाट देऊ नका, ओटा पुसून घेतला की झालं. जाड लोकरीचे कपडे तिकडेच घ्यावेत, तिथल्या थंडीला तेच पुरतात. कागदपत्रांच्या मात्र दोन प्रती, आणि मूळ कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. आई मला म्हणाली होती, "शिकायला चाललीस की संसार थाटायला?" खरं म्हणजे दोन्हीला!

ड्रेस्डेनला पहिल्याच आठवड्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि शेजारच्या खोलीतली इथिओपियाची मुलगी आग लागली समजून धावत आली. त्या संध्याकाळी तिने मुगाची खिचडी खाल्ली, आणि पुढचे पाच महिने दर रविवारी खात राहिली. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी भरून ठेवायची हे दोघींना मिळूनच समजलं.

नदीची जागा

ड्रेस्डेन एल्ब नदीच्या काठी आहे. नदीची पातळी तिथे एरवी दोनेक मीटर असते. पण मी पोचले त्याच वर्षी जूनमध्ये पाणी पावणेनऊ मीटरच्या आसपास चढलं होतं. तरी मला नवल वाटलं ते शहराच्या मधोमध पसरलेल्या कुरणांचं. एवढी मोक्याची जागा, आणि त्यावर एक इमारत नाही! ती जागा नदीची, पाणी वाढलं की तिने तिथे हातपाय पसरायचे. एरवी लोक फिरतात, पोरं पतंग उडवतात. या कुरणांवरून नवा पूल बांधायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला. 2009 साली युनेस्कोने एल्बचं ते खोरं जागतिक वारशाच्या यादीतून काढूनही टाकलं. पूल झालाच, आणि तोही 2013 सालीच खुला झाला.

गावाबाहेर नदीला लागून पिल्निट्झचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरल्यात आणि प्रत्येकीपुढे साल. 1845 साली शहरातल्या मोजपट्टीवर पाणी 8.77 मीटर चढलं होतं. त्यानंतर दीडशे वर्षं त्याहून वर काही गेलं नाही. लोकांना वाटलं, हीच हद्द. मग ऑगस्ट 2002 मध्ये पाणी 9.40 मीटरवर गेलं. चित्रसंग्रहालयाच्या तळघरातली जुनी मोलाची चित्रं माणसांनी हातोहात वर नेली. व्हाइसरिट्झ नावाची एक छोटी नदी आहे, तिचा प्रवाह 1893 साली वळवला होता. त्या पुरात ती आपल्या जुन्या वाटेने परतली आणि थेट रेल्वे स्टेशनात शिरली! भिंतीवरची रेघ आठवण देते, हमी देत नाही, हे मी तिथे शिकले.

समुद्राखालचं घर

डेल्फ्टला सायकल घेतली आणि गुरुवारच्या बाजारात मेथी मिळते का ते शोधू लागले. नाही मिळाली, पण पालक झकास. हॉलंडची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे पाण्याचा कारभार पाहणारी मंडळं वेगळी असतात. डेल्फ्टच्या भागातलं मंडळ 1289 सालापासूनचं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या एक वर्ष आधीचं! लोक या मंडळाला मतं देतात आणि त्याचा कर भरतात. माझ्या घरमालकीणबाई कराचं बिल दाखवत म्हणाल्या, "हे भरताना मी कधी कुरकुरत नाही. माझी आई झीलंडची."

झीलंड म्हणजे काय ते मला आमच्या सहलीत कळलं. 31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळाने तिथले बांध फुटले आणि देशात 1836 माणसं गेली. आउवेर्केर्क गावी शेवटचं भगदाड बुजवायला काँक्रीटचे चार अवाढव्य पोकळ ठोकळे वापरले होते. आता त्या ठोकळ्यांच्या पोटातच संग्रहालय आहे. आत अंधारात गेलेल्यांची नावं दिसतात. तिथे आकडा '1835 अधिक 1' असा लिहितात. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री बुडालेलं बाळ. सरकारदरबारी त्याची नोंदच नव्हती. माझी बांगलादेशी मैत्रीण तिथे खाली बसली ती बराच वेळ उठली नाही. तिच्याकडे मोजायचं राहून गेलेली माणसं किती असतील, ते तिलाच ठाऊक.

त्या पुरानंतर देशाने वर्षानुवर्षं बांध आणि दारं बांधली. रॉटरडॅमजवळचं 1997 सालचं दार तर बघण्यासारखं आहे. दोन पाखं, प्रत्येक 210 मीटर लांब आणि 22 मीटर उंच. दरवर्षी सप्टेंबरात ते एकदा मिटून तपासतात आणि लोक पोराबाळांसह बघायला येतात, जसे आपण जत्रेला जातो.

कोरडी नदी, भरली नदी

बार्सिलोनाला ऊन भेटलं आणि जीव सुखावला. पावावर टोमॅटो चोळून वर तेल घालतात, ती तिथली न्याहारी. आपल्या भाकरी-ठेच्याची सख्खी बहीणच. तिथली प्रसिद्ध हमरस्त्याची जागा म्हणजे रांब्ला. पाऊस आला की वाहणाऱ्या ओढ्याची ती वाट होती, आणि नावही वाळूसाठीच्या अरबी शब्दावरून आलंय. असे कोरडे ओढे त्या भागात पुष्कळ. सप्टेंबर 1962 मध्ये जवळच्या गिरणीगावांत एका रात्रीच्या पावसाने सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कित्येक कामाच्या शोधात आलेली, आणि स्वस्त जागा म्हणून कोरड्या पात्रातच घर बांधून राहिलेली. आपल्याकडे नाल्याच्या काठाला कोण राहतं, ते आठवून पाहा.

आता शहराखाली मोठाल्या टाक्या आहेत. एका बागेखालची टाकी सात कोटी लिटरांची! धुवाधार पाऊस त्यात साठवायचा आणि सवडीने सोडायचा. आणि याच शहरात 2008 साली दुष्काळ एवढा की पिण्याचं पाणी जहाजाने आणावं लागलं. पाणी कधी जास्त, कधी कमी, पण सांभाळायचं एकाच घराने.

ल्युब्लियानाचं दूध

शेवटचा मुक्काम ल्युब्लियाना. थंडी आणि धुकं विचारू नका. पण बाजारात कच्च्या दुधाचं यंत्र आहे. नाणं टाका, बाटली धरा. मी ते तापवलं, साय धरली, विरजण लावलं आणि चार महिने घरचं दही खाल्लं. त्यांच्या भाषेत द्विवचन आहे. दोन माणसांसाठी क्रियापदाचं वेगळंच रूप, अगदी संस्कृतासारखं. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपलीच माणसं की!"

गावाच्या दक्षिणेला मोठी दलदल आहे. पाच हजार वर्षांपूर्वी लोक तिथे खांबांवर घरं बांधून राहत. त्यांचं एक लाकडी चाक 2002 साली सापडलं. ते संग्रहालयात आहे, जगातल्या सर्वांत जुन्या चाकांपैकी एक. अठराव्या शतकात ग्रुबर नावाच्या पाद्र्याने दलदलीचं पाणी वळवायला कालवा काढला. तरी ऑक्टोबर 2014 मध्ये, मी पोचायच्या जरा आधी, शहराच्या त्या बाजूला पाणी आलंच. मी ज्या आजीबाईंकडे राहत होते, त्यांच्या तळघरात लोणच्यामुरंब्याच्या बरण्या सगळ्यांत वरच्या फळीवर होत्या. खालच्या फळ्या रिकाम्या. आमची आजी पावसाळ्यात तांदूळ, गूळ आणि काड्यापेट्या माळ्यावर चढवायची ते डोळ्यांपुढे आलं. दोघींना कुणी विद्यापीठात शिकवलं नव्हतं.

परत घरी

2015 साली परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते घराच्या भिंतीवर. 2005 चं पाणी कुठवर आलं होतं ते आईला विचारून, टेपने मोजून, तेलरंगाने रेघ ओढली. बाबांना आवडलं नाही. रंग दिलेली भिंत खराब झाली म्हणाले. पण पुढे आयर्विन पुलाची पातळी आणि आमची रेघ यांचा मेळ घरातले सगळे घालू लागले. पुलावर 40 फूट म्हणजे इशारा: कागद आणि धान्य वर. 45 फूट म्हणजे धोका: आजीला घेऊन निघायचं.

ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा गल्लीत सगळे म्हणत होते, "2005 च्या वर काय येतंय!" बाबाही तेच म्हणाले, आणि माझीच रेघ मला दाखवली. निर्णय आईने घेतला. म्हणाली, "ती रेघ त्या वेळच्या पाण्याची. या वेळचं पाणी अजून यायचंय." रात्रीच आम्ही निघालो. 2005 साली पुलावर पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं, या वेळी ते 57 च्याही वर गेलं. शेजारच्या काकूंना दोन दिवसांनी होडीतून काढावं लागलं. आमचं सामान गेलं, फ्रिज गेला, पण आजीचा हात धरून सुक्या पायाने बाहेर पडलो. आता भिंतीवर दोन रेघा आहेत. वरची बाबांनी ओढली.

मैत्रिणींनो, नदीकाठी राहत असाल तर यंदा दिवाळीचा रंग देताना पुराची खूण पुसू नका. तिच्याजवळ साल लिहा. पावसाळ्याआधी घरातल्या कोणत्या वस्तू आधी वर न्यायच्या, त्याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि कुठल्या पातळीला घर सोडायचं, ते ऊन असतानाच ठरवून टाका. पाणी उंबऱ्याशी आल्यावर घरात एकमत होत नसतं.