एकटेपणाचे लिंग

निसर्गाशी संवाद साधायचा तर एकट्याने चालावे, असे आम्ही गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आलो. स्वच्छंदतावादी कविता शिकवताना निसर्ग, एकांत आणि आत्मशोध ही त्रयी फळ्यावर लिहिली की तास सुखाने पार पडतो. आम्ही पतिपत्नी दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे आमची टिपणेही सामाईकच. प्रत्यक्षात मात्र दोघांपैकी कोणीच दिवसभर एकट्याने चाललेले नव्हते. म्हणून एका मे महिन्यात उत्तरपत्रिका हातावेगळ्या केल्या आणि भंडारदऱ्याजवळ शेंडीला आठ दिवस मुक्काम ठोकला. नियम साधा होता : सकाळी दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निघायचे आणि रात्री एकाच वहीत लिहायचे.

प्रदेश या प्रयोगाला अनुकूल होता. एकीकडे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, दुसरीकडे रतनगड आणि मध्ये अडवलेल्या प्रवरेचे पाणी. उन्हाळ्यात डोंगर करपतात, पाणी मागे सरते आणि काठाची जमीन भेगाळून उघडी पडते. करवंदीच्या जाळ्या तेवढ्या फळांनी लगडलेल्या असतात. सहाला निघावे आणि अकराच्या आत सावली गाठावी, हे वेळापत्रक ऊनच ठरवून देते.

पाचव्या रात्री वही चाळताना लक्षात आले, की मुरशेत-पांजऱ्याकडची एकच वाट आम्ही निरनिराळ्या दिवशी चाललो होतो. त्याची नोंद दोन ओळींची : सहा तास, वाटेत कोणी नाही, सरोवर निश्चल. तिची नोंद चार पानांची. त्याच वाटेवर तिला नऊ जणांनी विचारले होते, "एकट्याच?" त्यांत डोक्यावर हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बायका होत्या. एका आजीने तिला ओट्यावर बसवून पाणी दिले आणि तिच्या तोंडचा 'तलाव' हा शब्द दुरुस्त केला : "तळं कुठलं बाई, धरण हाये ते." मग उघड्या पडलेल्या जमिनीतल्या बांधांच्या रेषा दाखवल्या. तिथे तिच्या आजेसासऱ्यांची शेती होती. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी कालव्यांवाटे खालच्या उसाला मिळते, आणि काठावरच्या बाया मे महिन्यात हंडे घेऊन चढतात. दोन वाड्यांच्या मधल्या निर्जन टप्प्यात मागून आलेल्या मोटारसायकलचा वेग मंदावला, तेव्हा ती निघून जाईपर्यंत आपण झाडाला टेकून उभे राहिलो, हेही तिने लिहिले होते.

"तुला खरोखरच कोणी दिसले नाही?" या प्रश्नावर त्याला हळूहळू आठवत गेले. जाळे विणणारा माणूस होता, हंडेवाल्या बायाही होत्या. त्याला कोणी हटकले नाही, म्हणून त्याने कोणाला मोजले नाही. ज्याला तो एकांत म्हणत होता, ती त्याला मिळालेली मोकळीक होती. 'एकटा' आणि 'एकटी' हे वेगळे असतात, हे आमच्या भाषेला केव्हाचे ठाऊक आहे. आमच्या टिपणांत मात्र 'एकटेपण' हे नपुंसकलिंगी नामच तेवढे होते.

त्या रात्री वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता आठवणे अपरिहार्य होते. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्स्‌वॉटरच्या काठी ती फुले दिसली, तेव्हा त्याची बहीण डोरोथी बरोबर होती. तिने आपल्या रोजनिशीत त्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत मात्र 'मी' एकटाच भटकतो. तिच्यातील दोन उत्तम ओळी आपल्या पत्नीच्या, मेरीच्या आहेत, हे कवीनेच मान्य केले होते. अर्थात यामुळे कविता खोटी ठरत नाही. कवीला 'मी' म्हणण्याचा अधिकार आहेच. पण त्या 'मी'च्या आजूबाजूला कोण होते, हे विचारणे अध्यापकाचे काम आहे आणि ते आम्ही केले नव्हते.

सहाव्या दिवशीही आम्ही वेगवेगळेच निघालो. रात्री त्याची नोंद पहिल्यांदाच पानभर झाली. तिच्यात माणसे होती. तिची नोंद एवढीच : रतनवाडीपर्यंत गेले. चौघांनी विचारले. "हो, एकटीच," असे सांगितले.