सही रे... खरंच सही?

शीर्षक बघून भरत जाधवचं नाटक डोळ्यांसमोर आलं असेल तर सॉरी, आजचा विषय वेगळा आहे. अमेरिकेत खेळाडूंची कार्डं मिळतात, त्या कार्डांवर सह्या असतात आणि त्या सह्यांमध्ये बऱ्याच खोट्या असतात. त्या ओळखायच्या कशा, यावर आजचा वीकेंड खर्ची घातलाय.

ज्यांना ही कार्डं म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल (त्यांचा, हातात धरून पळायचा) यातल्या खेळाडूंचे फोटो छापलेली पुठ्ठ्याची कार्डं तिकडे शंभराहून जास्त वर्षं विकली जातायत. आधी सिगरेटच्या पाकिटातून, मग बबलगमबरोबर, आणि आता नुसतीच. आपण शाळेत दप्तरात लपवून ट्रम्प कार्डं खेळायचो ना, तसलाच प्रकार. फक्त इथे चाळिशीचे बाप्येही खेळतात आणि पैसे खरे असतात. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्यावर त्याची सही दिसते, पण ती त्याने केलेली नाही, छापलेली आहे. त्याकडे येतोच.

ऑफिसातल्या एका अमेरिकन टीममेटच्या नादाने मला हा किडा चावला. मी विकत फारसं घेत नाही, पण ऑनलाईन लिलाव बघत बसायला आवडतं. काही लोक क्राईम शो बघतात, मी हे बघतो. :)

आता सहीकडे वळू. बँकेत चेक दिलाय आणि 'सही जुळत नाही' म्हणून परत आलाय, हे आपल्यापैकी किती जणांच्या बाबतीत झालंय? आपलीच सही, आपल्याच हाताने केलेली, तरी जुळत नाही. कारण माणूस एकच सही दोनदा हुबेहूब करूच शकत नाही. घाई, पेन, टेबलाची उंची, मूड, सगळं त्यात उतरतं. खोटी सही ओळखण्याची पहिली किल्ली हीच, पण उलट्या बाजूने. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत बसल्या, तर त्यातली निदान एक तरी खोटी आहे. किंवा दोन्ही.

दुसरी किल्ली म्हणजे वेग. ज्याने आयुष्यात लाखभर वेळा स्वतःचं नाव लिहिलंय त्याचा हात कागदाला टेकायच्या आधीच चालू झालेला असतो आणि उचलल्यावरही थोडा चालू राहतो. त्यामुळे रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नकली करणारा बहुतेक वेळा गिरवतो, आपण पाटीवर ग म भ न गिरवायचो तसा. पेन टेकवतो, मग विचार करतो, मग निघतो. सुरुवातीला शाईचा ठिपका, शेवटीही ठिपका, आणि मधली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. वळणावर बारीकशी थरथर असते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगातून लगेच दिसते. ऑटोपेन नावाचं यंत्र असतं, ते खेळाडूची सही पेनाने काढून देतं. त्याच्या सहीतही हे ठिपके सापडतात, कारण यंत्र पेन सरळ खाली आणतं आणि सरळ वर उचलतं. लफ्फेदार सहीचा लफ्फा यंत्राला जमत नाही.

कार्ड जुनं असेल तर घडीकडेही बघायचं. पुठ्ठ्यावर घडी आधी पडली आणि सही नंतर झाली, तर शाई त्या फटीत पाझरलेली दिसते. सही आधीची असेल तर घडीवर शाई तुटलेली दिसते. साठ वर्षांपूर्वीची म्हणून विकलेली सही चुरगळलेल्या पुठ्ठ्याच्या फटींतून पसरलेली दिसली, की त्या साठ वर्षांबद्दल शंका घ्यायची.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी तपासणी मात्र इतिहासाची. यात भिंग लागत नाही, तारखा लागतात. बेब रूथ १९४८ मध्ये गेला. शार्पी हे मार्कर बाजारात आलं १९६४ मध्ये. म्हणजे शार्पीने केलेली बेब रूथची सही फक्त प्लँचेटवरच होऊ शकते. लू गेरिग जून १९४१ मध्ये वारला आणि अमेरिकेत बॉलपेनची विक्री सुरू झाली ऑक्टोबर १९४५ मध्ये. तरीही बॉलपेनमधले गेरिग विकायला येतात आणि लोक बोलीसुद्धा लावतात! आपल्या भाषेत सांगायचं तर, फाईलची टाईमस्टॅम्प प्रोग्रॅमरच्या जन्माआधीची आहे.

छापील सहीचा घोळ वेगळाच. टॉप्सने १९५२ मध्ये आणि नंतरही काही वर्षं कार्डावरच खेळाडूची सही छापली. मँटलच्या त्या कार्डावर आहे ती हीच. घरातल्या माळ्यावर आजोबांचा खोका सापडला की नातू खुशाल 'ओरिजिनल ऑटोग्राफ' असं लिहून फोटो टाकतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, बऱ्याचदा निव्वळ अज्ञान असतं. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, खऱ्या शाईची रेघ सलग आणि कार्डाच्या वर बसलेली दिसते.

इथपर्यंत सगळं मजेचं. पण गेल्या वर्षी डॅलसला असलेल्या एका मित्राने फोटो पाठवला. मूळचा पुण्याचा. मुलगा बारा वर्षांचा, कोबी ब्रायंटचा भक्त (हसू नका, उच्चार साधारण तसाच आहे). कोबी २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. म्हणजे आता नवीन सही होणार नाही, आणि अशा वेळी बाजारात सह्यांचा पूर येतो. मित्राने वाढदिवसाला एका मोठ्या लिलावाच्या साईटवरून कार्ड घेतलं होतं, ३८० डॉलरला. सोबत कधी न ऐकलेल्या कुठल्याशा संस्थेचं चकचकीत सर्टिफिकेट. 'मस्त आहे ना?' एवढंच विचारलं होतं त्याने.

मस्त नव्हतं. रेघ एका जाडीची, सुरुवातीला ठिपका. तरी फोटोवरून छातीठोक सांगू नये म्हणून विक्रेत्याची बाकीची दुकानदारी उघडली. कोबी, जॉर्डन, लेब्रॉन, सगळे हजर. सगळ्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनाने, कार्डाच्या एकाच कोपऱ्यात, एकाच तिरकेपणाने. कोबीची अजून दोन कार्डं होती. तिन्ही फोटो सॉफ्टवेअरमध्ये घेतले, पारदर्शक केले, एकावर एक ठेवले. तीन सह्यांची एक सही झाली.

पैसे परत मागायची मुदत होती ३० दिवसांची आणि त्या दिवशी २३ वा दिवस होता. खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. मुलाने कार्ड टेबलावर स्टँडमध्ये लावलं होतं, मित्रांना बोलावून दाखवलं होतं. मित्र म्हणाला, 'राहू दे ना यार, त्याला काय कळतंय. ३८० डॉलर गेले समजू.' मी म्हटलं, तुझा निर्णय, पण तो अठराचा झाला की हे कार्ड कुणाला तरी दाखवेल, आणि तेव्हा त्याला कळेलच. वर तू गप्प बसलास तर तो विक्रेता उद्या चौथा कोबी लावणार. दोन दिवस त्याचा फोन नाही. मग एकदम व्हिडिओ कॉल, मुलगाच समोर. त्याने सगळं ऐकून घेतलं, मी एकावर एक ठेवलेल्या सह्या त्याला दाखवल्या. रडला वगैरे नाही. फक्त विचारलं, 'मग हे कुणी लिहिलंय, काका?'

पैसे परत मिळाले, पण दोन आठवडे विक्रेत्याने 'सर्टिफिकेट आहे की' हे एकच पालुपद लावून धरलं होतं. त्या मुलाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

कारण एकदा त्या प्रश्नाचं उत्तर खरंच मिळालं होतं. १९९० च्या दशकात टोनी ग्विन या सॅन डिएगो पाद्रेजच्या खेळाडूला स्वतःच्याच टीमच्या दुकानात स्वतःच्या सहीच्या वस्तू दिसल्या. त्याला त्या खोट्या वाटल्या आणि त्याने तसं कळवलं. पुढे एफबीआयने जो तपास केला त्याचं नाव ऑपरेशन बुलपेन. त्यात साठाहून जास्त लोक दोषी ठरले. मुख्य सह्या करणारा होता ग्रेग मरिनो. तो पाटीवर गिरवणाऱ्यांतला नव्हता, त्याचा हात बसलेला होता. मँटल, रूथ, जो डिमॅजिओ, कुणीही. त्या टोळीने मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा विकले. बेसबॉल! आणि ते घेणारे होते.

या प्रकरणात सर्टिफिकेटं होतीच. तपासून 'ओके' म्हणणारे तथाकथित तज्ज्ञही साखळीत होते. म्हणजे ज्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवत होते तीच विकत मिळत होती. मग नव्या कंपन्या पुढे आल्या. पीएसए/डीएनए १९९८ पासून, जेएसए, नंतर बेकेट. हे लोक सही तपासतात, नंबर असलेला स्टिकर लावतात किंवा कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. तो नंबर त्यांच्या साईटवर टाकून बघता येतो. चांगली व्यवस्था आहे, मी नावं ठेवत नाही. पण आपल्या धंद्यातला माणूस लगेच विचारेल की नंबर कॉपी केला तर? करतात. खऱ्या वस्तूचा नंबर उचलून खोट्या वस्तूवर चिकटवतात. म्हणून नुसतं 'नंबर सापडला' यावर थांबायचं नाही. त्या नंबरासमोर कुठल्या वस्तूची नोंद आहे, तिचा फोटो असेल तर सहीचं प्रत्येक वळण तेच आहे का, हे बघायचं. जुलै २०२५ मध्ये इंडियाना राज्यातल्या वेस्टफील्ड गावात अशाच एका व्यापाऱ्याची पोलीस चौकशी सुरू झाली. त्याच्या नावाने फेसबुकवर आलेल्या मजकुरात चाळीस लाखांहून जास्त नकली वस्तू विकल्याचा दावा होता, होलोग्रामही नकली. आकडा कितपत खरा, देव जाणे. पण बनावट आता शाईतून स्टिकरवर सरकलीय, एवढं त्यातून दिसतं.

मग लोक म्हणतात, त्यापेक्षा कंपनीच्या पाकिटातूनच सही निघाली तर? ही कल्पना अपर डेकने १९९० मध्ये आणली. रेजी जॅक्सनने सही केलेली, नंबर घातलेली २,५०० कार्डं त्यांनी पाकिटांत टाकली. तेव्हापासून कार्डाच्या मागे 'ही सही आमच्यासमोर झाली' किंवा 'आम्ही हमी देतो' अशा अर्थाचा मजकूर असतो. इथला हातखंडा प्रयोग म्हणजे त्याच सेटमधलं बिनसहीचं कार्ड घ्यायचं आणि घरी सही ठोकायची. पुढून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागायचाच. हमीचा मजकूर नसतो किंवा कार्डाचा नंबर वेगळा असतो. विक्रेता मागचा फोटो द्यायला कां-कूं करू लागला की टॅब बंद.

आणि हमी असूनही गंमत होतेच. २०१७ मध्ये डॅक प्रेस्कॉट या फुटबॉलपटूच्या सहीची पनिनीची कार्डं बेकेटकडे तपासायला गेली, तेव्हा त्यांच्या तज्ज्ञाला त्या सह्या यंत्राने केल्यासारख्या दिसल्या. थेट कंपनीच्या पाकिटातली कार्डं! तसंही हल्ली बऱ्याच कार्डांवर खेळाडू सही करतच नाही. तो पारदर्शक स्टिकरच्या ताव्यांवर सह्या करतो आणि फॅक्टरीत ते कार्डांवर चिकटवले जातात. कार्डाला त्याचा हात लागलेलाच नसतो. मला हे पटत नाही. ज्या पुठ्ठ्याला त्याने हातच लावला नाही त्याचे जास्त पैसे का द्यायचे?

शिवाय हजारो स्टिकर सह्या करून करून आजच्या खेळाडूंची सही एक अक्षर आणि एक वेटोळं एवढीच उरलीय. खोटी करणाऱ्याला यासारखं सुख नाही. चार अक्षरांचा पासवर्ड आणि चौदा अक्षरांचा पासवर्ड यात जो फरक, तोच इथे. मिनेसोटा ट्विन्सचा हार्मन किलब्रू हा जुना खेळाडू टीममधल्या पोरांना बजावायचा की सही वाचता आली पाहिजे. टोरी हंटर वगैरेंनी त्याचं ऐकलंही. किलब्रूच्या डोक्यात नकली सह्या नसाव्यात, समोर उभ्या असलेल्या पोराचा मान ठेवायचा एवढंच असावं. पण पूर्ण नाव लिहिलेल्या सहीत तपासायला कितीतरी जास्त गोष्टी मिळतात. दोन एल कसे वळलेत, डब्ल्यू कुठे संपतो, दोन शब्दांत जागा किती.

त्या डॅलसच्या मित्रामुळे आता माझ्याकडे महिन्याला एखादा तरी फोटो येतो. 'सही बघ रे ओरिजिनल आहे का.' मी सहीचा फोटो उघडायच्या आधी विक्रेत्याच्या इतर मालाची लिंक मागतो, कार्डाची मागची बाजू मागतो आणि मुदतीचे किती दिवस उरलेत ते विचारतो. परवा एकाने मँटल, डिमॅजिओ आणि टेड विल्यम्स असे तिघे एकत्र घेतलेत, प्रत्येकी ६० डॉलरला. सहीचा फोटो मी अजून उघडलेला नाही. त्याच्याकडे अकरा दिवस आहेत.