हिरवळ गेली, गवत आले

शहरातला माणूस गावाकडे घर बांधतो, तेव्हा सामानाबरोबर शहराचा एक तुकडाही घेऊन जातो. छपराला कौले घालील, ओसरीत झोपाळा टांगील. पण पुढे हिरवळ मात्र हवीच! आमच्या मामंजींनी शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला घर बांधले, तेही याला अपवाद नव्हते. पुण्याच्या एका माळ्याने त्यांना बाग आखून दिली: मधोमध १००० चौरस फूट हिरवळ, कडेने खोट्या अशोकाची रांग आणि भोवती पुरुषभर उंच दगडी भिंत.

भीमा तिथून दूर नाही. तिच्या पलीकडे दौंड तालुका. नदीकाठी पाहावे तर उसाची गर्द हिरवाई. पण चार पावले चढ चढले, की मुरमाड माळ लागतो. सह्याद्री पावसाचा मोठा वाटा आपल्याच अंगावर घेतो; इथपर्यंत वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पोचतो. आमचे घर त्या माळावर. मामंजींच्या मागे ते आमच्याकडे आले, तेव्हा मार्गशीर्षातच विहिरीचा तळ दिसू लागला होता.

मी कागदावर हिशेब मांडला. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी ४६५ लिटर होतात. १५ लिटरची एक घागर, म्हणजे दिवसाला ३१ घागरी! शेजारच्या वस्तीवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असत, आणि आमच्या अंगणात फवारा फिरत असे. वस्तीवरची एक म्हातारी एकदा म्हणाली, "ताई, ह्या गवताला जनावर तोंड लावत न्हाई. मग त्याला पाणी कशापायी पाजता?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खरी अडचण घरातच होती. सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळचा चहा हे त्या हिरवळीवरच घ्यायचे. तेवढी राहू दे." तेव्हा मी त्यांना घेऊन सुप्याला गेले. दौंडहून फार लांब नाही. बारामती तालुक्यातले ते मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. तिथे झाडी दाट नाही. आहे तो गवताळ माळच, आणि त्यावर चिंकारा हरणे! ज्याला आपण पडीक म्हणून नाक मुरडतो, त्याचे सरकार रक्षण करते, हे पाहून सासूबाई परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होत्या.

त्या पावसाळ्याआधी हिरवळ काढली. भिंत निम्मी उतरवली आणि तिच्याच दगडांनी उताराला आडवे तीन बांध घातले, म्हणजे पाणी धावण्याऐवजी मुरेल. अशोकाच्या जागी कडुनिंब, हिवर, बोर आणि चिंच लावली. चिंचेच्या झाडावर आमचा विशेष जीव. याच तालुक्यात मोराची चिंचोली आहे, आणि त्या गावाच्या नावातच मोर आणि चिंच दोन्ही नांदतात. कुंपणाला तरवड लावला. त्याच्या पिवळ्या फुलांना खतपाणी लागत नाही. हिरवळीच्या जागी मारवेल आणि पवन्या गवत पेरले. घराजवळ सासूबाईंची तुळस आणि एक पारिजातक तेवढा ठेवला. चहाची खुर्ची आता तिथे असते.

चैत्र-वैशाखात बाग पिवळी पडते, हे खरे. पुण्याचे पाहुणे हळहळतात, "अरेरे, वाळली वाटते!" तिथे सुगरण घरटे विणते आणि टिटवी रात्री ओरडून झोपमोड करते, हे त्यांना मुक्काम केल्याखेरीज कळत नाही. विहीर आटायची ती उन्हाळ्यात अजूनही आटते; पण आता ते पाणी फवाऱ्याला जात नाही, घागरींना पुरते.

दिवाळीच्या सुमारास गवत सोनेरी होऊन बी धरते. बी गळले, की म्हातारी विळा घेऊन येते आणि म्हशीसाठी भारे बांधून नेते. सासूबाई ओसरीवरून सांगतात, "कोपऱ्यातलेही घ्या हो, उंच झाले आहे!" इतक्या वर्षांत आमच्या बागेतली एखादी वस्तू गावाने मागून नेली, ती ही पहिलीच.