सोंड, खिंड आणि घळ

आमच्या अकोले तालुक्यात नुसता 'डोंगर' म्हणून भागत नाही. गुरं कुठं गेली म्हणून विचारलं आणि पोरानं "डोंगरात" असं सांगितलं, की आजा चिडायचा. "आरं, डोंगर काय खिशाएवढा हाय का? सोंडंवर हाय का घळीत, ते सांग की!"

सोंड म्हणजे हत्तीच्या सोंडेसारखी हळूहळू उतरत आलेली धार. तिच्यावरून म्हातारं माणूससुद्धा डोक्यावर भारा घेऊन उतरतं. कडा म्हणजे सरळ तुटलेला, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा. दोन डोंगरांमधून वाट जाते ती खिंड. कड्याला उभी चीर पडून पावसाचं पाणी जिथून कोसळतं ती नाळ. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. सुईलाही नेढंच असतं. माथा, खांदा, कूस, पायथा अशी अंगं दिली की डोंगर घरातल्या माणसासारखा ओळखीचा होतो.

पुढं नोकरीपायी दिंडोशीला आलो. घराच्या मागं डोंगर, त्याच्या पलीकडं आरे आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मन हरखलं. पण इथं डोंगराला शब्द दोनच, 'वर' आणि 'खाली'. "कुठं राहतोस?" "वर." वर म्हणजे भाडं कमी, पायऱ्या जास्त आणि पाण्याचे हंडे डोक्यावर. श्रीमंताचा डोंगर मुंबईत 'हिल' होतो. मलबार हिल, पाली हिल. गरिबाची मात्र टेकडी.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल तेवढा दोन्हीत बसत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते उभे खांब. आजूबाजूचा दगड फोडून नेला, हा सुळका उरला. नाव इंग्रजी आणि माथ्यावर देऊळ गावदेवीचं.

आजा एका पावसाळ्यात दिंडोशीला आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, "ही तर घळ हाय रं. पाण्याच्या वाटंत घरं?" शेजारी हसले. त्यांच्या लेखी ती गल्ली क्रमांक अमुक होती. रात्री जोराची सर आली आणि पायऱ्यांवरून ओढा वाहू लागला, तेव्हा कुणी हसलं नाही.

२०१९ साली, १ जुलै उलटून २ जुलै लागली त्या रात्री, जवळच्याच पिंपरीपाड्यात डोंगरावरच्या जलाशयाची भिंत कोसळली. २५ हून अधिक माणसं गेली. त्या दिवसापासून पावसाचा आवाज आमच्याकडं वेगळा ऐकू येतो.

घळ हा शब्द माहीत असता तर लोक चढावर राहिले नसते, असं मी म्हणत नाही. परवडतं तिथंच माणूस राहतो. पण भिंत कुठं घालायची, पाण्याला वाट कुठं ठेवायची, हे ठरवणाऱ्याला तरी डोंगराची भाषा यावी. नकाशावर सगळाच उतार एकसारखा दिसतो. सोंड पाणी दोन्हीकडं वाटून देते, घळ ते एकत्र करून खाली आणते.

मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात पर्वत, पठार, मैदान आहेत. मी तिला फिल्म सिटीच्या अंगाला उतरणारी सोंड दाखवली, तिच्या बगलेतली घळ दाखवली. तिनं विचारलं, "पप्पा, मग आपण कुठं?"

"पायथ्याला," म्हटलं, "पाणी येतं त्या वाटेला."

आता पाऊस वाढला की तीच आधी घळीकडं बघून येते.