आरशाची पाठ

पनवेलच्या बाजारात परवा एका सोनाराच्या शेगडीवर लाख तापत होती. तिचा तो जळका, धुपासारखा दर्प नाकात शिरला मात्र, आणि आत्याचा जडावाचा हातआरसा कितीतरी वर्षांनी डोळ्यांपुढे आला.

आत्या अल्पवयात विधवा झालेली. दर्पणात मुखावलोकन तिला रूढीने निषिद्ध. तरी वडाळे तळ्याजवळच्या आमच्या घरात दुपारची निजानीज झाली की ती पेटीतून तो आरसा काढी, काच मांडीवर पालथी घाली आणि पाठीवरच्या रुप्याच्या वेलबुट्टीवरून, माणकांच्या बारीक खड्यांवरून अंगठा फिरवीत बसे. त्यातला एक खडा गळाला होता. त्या रिकाम्या घरात काळसर लाख दिसे आणि तिला चिकटून राहिलेली वर्खाची चकचकीत कपची. कोंदणाचे सारे रहस्य तिने मला त्या भोकातून दाखविले : पोकळीत लाख भरायची, खड्याला तेज यावे म्हणून तळाशी वर्ख घालायचा, आणि भोवती शुद्ध सोन्याची तलम पट्टी हत्याराने दाबीत जायचे, ते सोने इतके मऊ, की झाळ न देता केवळ दाबाने एकजीव होते.

अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली, प्रसाधनमग्न राजकन्या हाती वर्तुळाकार दर्पण घेऊन उभी आहे. काचेला चांदीचा मुलामा देण्याची लीबिगची रीत 1835 मधली. तत्पूर्वी कथिल आणि पारा, आणि त्याही आधी घासून उजळलेला धातू. पृष्ठभाग असा पालटत गेला. परंतु आरसा धरणाऱ्याला दिसतो तो स्वतःचा चेहरा, आणि कारागिराने जीव ओतलेली पाठ दिसते ती समोरच्याला. आमच्या घरात ती पाठ पाहिली आत्याने, आणि तिने दाखविली म्हणून मी.

वाटणीच्या वेळी फेरिस्तीत नोंद झाली, 'जुना आरसा, नग 1'. पंचांनी लाख वजा केली, रुपे तोळ्यांवर आणि सोने गुंजांवर धरले, घडणावळीच्या रकान्यात शून्य मांडले, आणि आरसा मोडीत गेला. त्या शून्याबद्दलचा माझा राग अद्याप गेलेला नाही. 1920 च्या सुमारापासून पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', लोकांच्या घरांतल्या फण्या, करंडे, अडकित्ते, वज्र्या जमवीत हिंडत होते. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि 1975 मध्ये तो सरकारस्वाधीन केला. एका बापाने मुलाचे नाव असे सहस्रावधी वस्तूंवर राखले.

आत्याचे नाव आमच्या फेरिस्तीत नाही. आरसा आजोबांच्या मिळकतीत धरलेला आहे. तिच्याविषयी अन्नवस्त्राच्या कलमात 'विधवा कन्या' एवढेच दोन शब्द आहेत.