जॅक कुठं बसवायचा, हे रुतलेल्या गाडीला विचारा



उसाचा हंगाम सुरू झाला की पाणंदीत रोज एखादी तरी गाडी अडकलेली दिसते. कुणाची जीप, कुणाचा पिकअप, कुणाची भरलेली ट्रॉली. आता बऱ्याच पोरांनी तो लांब दांड्याचा हाय-लिफ्ट जॅक घेतलाय. चांगली गोष्ट आहे. पण घेतल्यावर पहिला प्रश्न येतो तो म्हणजे हा बसवायचा कुठं? चार फुटाचा दांडा, वजन तेरा किलोच्या आसपास. सीटखाली मावत नाही, डिकीत आडवा बसत नाही. मग कुणी बॉनेटवर बांधतो, कुणी टपावर, कुणी नुसता मागं टाकून देतो. दोघा-तिघांनी मला विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. हा जॅक मुळात हौशी लोकांचा नाही, शेतकऱ्याचाच आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात १९०५ पासून तो बनतोय आणि तिकडं त्याला फार्म जॅक म्हणतात. गाडी उचलायची, कुंपणाचा खांब उपटायचा, तार ताणायची, अशी सगळी कामं त्यानं होतात. डोंगरात जीप पळवणाऱ्यांनी तो नंतर उचलला. त्यामुळं फोटोत दिसतो तसा बसवायच्या नादाला लागू नका. आपल्या कामाला बसेल तसा बसवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. दारात सपाट उभ्या असलेल्या गाडीकडं बघून जॅकची जागा ठरवायची नाही. रुतलेली, कललेली, भरलेली गाडी डोळ्यासमोर आणायची, अंधार पडलाय आणि आपण एकटं आहोत असं धरायचं, आणि मग ठरवायचं.

आता एकेक जागा बघू.

१) बॉनेटवर किंवा पुढच्या बंपरवर. काढायला सोपं, दिसायला रुबाबदार. पण बॉनेटवरचा दांडा नजरेच्या आड येतो. अरुंद पाणंदीत पुढची चारी, दगड, शेळी-करडू दिसलंच पाहिजे. बंपरवर पुढं आला तर रेडिएटरचा वारा अडतो आणि कुणाला धक्का लागला तर ते लोखंड आधी माणसाला लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, ते याच कारणानं. जॅक म्हणजे गार्ड नव्हे, पण पुढं आलेलं लोखंड ते लोखंडच. नंबरप्लेट आणि लाईट झाकले तर दंड वेगळा.

२) टपावर. चिखल लागत नाही, हे खरं. पण गाडी एका अंगाला कललेली असताना चाकावर पाय देऊन तेरा किलोचं धूड डोक्यावरनं खाली घ्यायचं म्हणजे पाय घसरायला किती वेळ लागतो? शिवाय आपल्या बांधावरच्या बाभळी-आंब्याच्या फांद्या कॅरिअरला लागतातच. वजन वर गेलं की गाडी जास्त हेलकावते, ते आणखी वेगळं. शिराळा-पाटणकडच्या उताराच्या रस्त्यावर हे चांगलं नाही.

३) मागच्या दारावर, स्टेपनीशेजारी. बिजागरीवर आधीच स्टेपनीचा भार असतो, त्यात ही भर. खड्ड्याखड्ड्यात बिजागरी ढिली होते, दार खडखडायला लागतं. आणि गाडी मागं सरकून बांधाला टेकली तर दारही उघडत नाही, जॅकही निघत नाही.

४) बाजूला, पायरीजवळ. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा जुना फोटो सापडला तर बघा. फावडं आणि कुऱ्हाड ड्रायव्हरच्या बाजूला, बॉडीच्या बाहेर, खालच्या अंगाला पट्ट्यानं आवळलेली असते. हत्यार बाहेर, खाली, हाताशी. विचार चोख होता. पण आपल्याकडं एक भानगड आहे. आपण डावीकडनं गाडी चालवतो. उसाची ट्रॉली समोरनं आली की आपण डावीकडं उतरतो, आणि गाडी रुतते ती बहुतेक वेळा डाव्या चाकांनीच, साइडपट्टीखालच्या मऊ मातीत. म्हणजे डाव्या बाजूचा जॅक नेमका गटाराकडं जातो. उजव्या बाजूला बसवला तर हायवेला पंक्चर झाल्यावर ट्रॅफिकच्या बाजूला उभं राहून काढावा लागतो. पुणे-बंगळूर रस्त्यावर कराड-पेठ नाक्याच्या मध्ये असं उभं राहून बघा, जीव मुठीत येतो. शिवाय चाकाच्या रेषेत असल्यानं सगळा चिखल त्याच्यावर.

५) आत, नुसता टाकलेला. ही सगळ्यात वाईट जागा, आणि निम्म्या लोकांचा जॅक तिथंच असतो. एक साधा हिशोब देतो. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागेवर थांबली, तर आतली सुटी वस्तू त्याच वेगानं पुढं येते. तो मार जवळजवळ १० मीटरवरनं, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरनं ती वस्तू अंगावर पडावी एवढा असतो. मागच्या सीटवर घरची पोरं बसलेली असतात. तेरा किलोचं लोखंड तिसऱ्या मजल्यावरनं.

मग बसवायचा कुठं?

माझ्याकडं जुनी उघडी जीप आहे. तिच्यात पुढच्या सीटच्या मागं, तळाला लागून, आडवा बसवलाय. डावी बाजू गटारात असली तर उजवीकडनं हात घालून निघतो, हायवेला असलो तर डावीकडनं निघतो. मागं खताची पोती असली तरी त्याच्यावर काही येत नाही, कारण पोती लागू नयेत म्हणून मागनं एक अँगल उभा केलाय. वजन खाली राहतं, चिखल लागत नाही, पुढचं दिसायला अडचण नाही.

बसवताना या गोष्टी बघा. दोन आधार, आणि दोन्हीत अंतर जेवढं जास्त ठेवता येईल तेवढं ठेवा. एकाच ठिकाणी आवळला तर दांडा लोंबकळून बोल्ट ढिला करतो. बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, खालनं हातभर पट्टी घालून घ्या, नाहीतर पत्रा फाटतो. वरनं हातानं फिरणारा पंखाचा नट लावा म्हणजे पान्हा शोधायला नको, पण त्याच्या वर आरपार पिन घाला. आपल्या रस्त्याला नुसता नट आठ दिवस टिकत नाही. लोखंडाला लोखंड लागतं तिथं जुन्या ट्यूबची पट्टी घाला, खडखड बंद होते. आणि हँडल दांड्याला वेगळं बांधा. ते सुटं राहिलं तर नाचून नाचून जॅकच्याच पिना खराब करतं.

पिकअपवाल्यांसाठी. हौद्यात जॅक टाकू नका. माल भरला की तो मालाखाली जातो, आणि गाडी रुतते ती माल भरल्यावरच. केबिन आणि हौदा यांच्यात फट पुरत असेल तर तिथं आडवा बसवा, बाहेरनं ओढून काढता येईल असा. फट नसेल तर ट्रकला असते तशी पेटी हौद्याच्या खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, चेसीला करून घ्या. पेटीला खाली भोकं ठेवा, पाणी साठू देऊ नका.

आता ट्रॅक्टर-ट्रॉलीचं. इथं हाय-लिफ्ट जॅकचं काम नाही. त्याची ताकद साधारण तीन टनांची. भरल्या ट्रॉलीला तो लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिथं दहा-वीस टनी बॉटल जॅकच पाहिजे. पण त्याचीही जागा चुकते. मागच्या हंगामात आमच्या शिवारात एक भरलेली ट्रॉली चारीत कलली. जॅक होता, पण ट्रॉलीच्या तळाला, वरनं दहा टन ऊस. पोरांनी मग पहारीनं चाक उचलायचं आणि खाली दगड सरकवायचे, असा उद्योग केला. दगड निसटला आणि ड्रायव्हरची दोन बोटं गेली. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. जॅक चारशे रुपयांचा नव्हता की चार हजारांचा, हा प्रश्नच नव्हता. तो जागेवर नव्हता, एवढंच.

म्हणून ट्रॉलीचा जॅक ट्रॉलीत नको, ट्रॅक्टरवर पाहिजे. ट्रॉल्या कारखान्यावर सुटतात, बदलतात, ट्रॅक्टर आपल्यापाशी राहतो. ट्रॅक्टरवरही पायापाशी सुटा ठेवू नका. सरकून ब्रेक किंवा क्लचच्या पायडलखाली गेला तर चढाला काय होईल ते सांगायला नको. मडगार्डच्या बाहेरच्या अंगाला किंवा बॅटरीच्या पेटीशेजारी एक छोटी पेटी वेल्ड करा. एक लक्षात ठेवा, बॉटल जॅक उभाच ठेवायचा. आडवा पडून राहिला की तेल गळतं, आत हवा धरतो आणि ऐन वेळेला पंप मारून उचलत नाही. ठेवताना दट्ट्या पूर्ण खाली आणि तेलाचा स्क्रू बंद. टॉमी त्याच पेटीत.

जॅकच्या जागेइतकीच फळीची जागा महत्त्वाची. हे कुणी लक्षात घेत नाही. हाय-लिफ्टचा पाया चार बाय सात इंचाचा, म्हणजे साधारण २८ चौरस इंच. हजार किलो भार आला तर दर इंचाला ३५ किलोच्या वर. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात पाणी दिल्यावर एवढ्या भाराला जमीन थांबत नाही. गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. तोच भार दीड फूट बाय एक फुटाच्या दोन इंची फळीवर टाकला तर इंचाला पाच किलोसुद्धा येत नाही. सात-आठ पट फरक. कृष्णाकाठाला २०१९ च्या महापुरात ज्या पाणंदीत गाळ बसला त्या अजून वरनं कोरड्या आणि आतनं मऊ असतात, तिथं तर फळीशिवाय जॅक टेकवूच नका. माण-खटावच्या मुरमात उलटं होतं. जॅक खाली जात नाही, पण गोट्यावरनं घसरतो. तिथंही फळीच कामाला येते. म्हणून फळी जॅकच्याच आधारात, त्याला जोडून बसवा. जॅक आहे आणि फळी गोठ्यात, असं नको. बाभळीची किंवा कडुलिंबाची घ्या, प्लायवूड फुटतं.

निगा जागेवर अवलंबून. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५ हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि माणला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. डोंगराकडं गंजाची भीती, दुष्काळी भागात धुरळ्याची. दोन्हीकडं उपाय एकच. यंत्राचा भाग जाड कापडानं किंवा ट्यूबच्या तुकड्यानं झाकून ठेवा. महिन्यातनं एकदा डिझेलनं धुवा, पातळ तेल सोडा. ग्रीस थापू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि त्या दोन पिना आत-बाहेर व्हायच्या बंद होतात. पिन अर्धी बसली की भार एकदम सुटतो आणि हँडल तोंडावर येतं. हँडल मारताना तोंड त्याच्या रेषेत कधीच ठेवू नका. हात काढायच्या आधी हँडल दांड्याला उभं टेकवा.

आणि जॅक कुठलाही असो, उरलेल्या चाकांना दगड लावल्याशिवाय उचलायचं नाही, आणि ठोकळा दिल्याशिवाय गाडीखाली अंग घालायचं नाही.

जागा बरोबर आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत. एक दिवस गाडी मालानं भरा. डावी चाकं चारीत उतरवा, पण ट्रॅक्टर जवळ असू द्या. दिवस मावळू द्या. मग एकट्यानं, पान्हा न घेता, जॅक आणि फळी काढून चाकापाशी आणा. दोन मिनिटांत जमलं तर जागा बरोबर. वरनं काही उतरवावं लागलं, कुणाला हाक मारावी लागली किंवा मोबाईलची बॅटरी लावून नट शोधावा लागला, तर जागा बदला. वेल्डिंगवाल्याकडं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ट्रॉलीवर ड्रायव्हर ठेवलाय त्यांना विशेष सांगणं. गाडी तुमची असली तरी चारीत हात घालणारा तो आहे. पट्टा पडायच्या आधी ही पेटी करून द्या आणि त्याच्याकडूनच एकदा जॅक काढून घ्या, त्याच्या उंचीला, त्याच्या हाताला जमतंय का बघा.

तुमच्याकडं कुणी वेगळ्या जागी बसवला असेल आणि तो वर्ष-दोन वर्ष टिकला असेल, तर फोटो टाका. नवीन जागेचा नको, चिखलात वापरलेल्या जागेचा टाका. आमच्याही उपयोगाला येईल.