पिस्टन बसवण्याआधी

जुनी कास्ट आयर्न बुलेट 350. बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90, म्हणून 346 सीसी. निळा धूर, ऑइलची भूक. हेड उतरवून सिलिंडरच्या आत वरच्या टोकाशी नख फिरवलं की कड लागते. वरची रिंग जिथवर पोचते तिथवरच भिंत झिजते, त्यावरचा पट्टा मूळ मापाचा राहतो. नख अडलं की बोअरिंग आलंच.

*

आधी ओव्हरसाइझ पिस्टन विकत घ्यावा, मग त्याच्यासकट सिलिंडर बोअरिंगला द्यावा. पिस्टन थंड असताना किंचित लंबगोल असतो. माप स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात घ्यायचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन आणि भिंत यांतली मोकळीक त्यासाठीच.

*

होनिंग झाल्यावर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यानं, ब्रशनं घासावा. नुसत्या पेट्रोलनं भिंत चकाकते, पण दगडाची पूड रेघांत राहते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत सिलिंडर धुवावा, कोरडा करून लगेच ऑइल लावावं. उघडं बीड गंजायला वेळ लागत नाही.

*

रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करायची आणि टोकांमध्ये फीलर गेज घालायचा. ढोबळ हिशेब दर 25 मिमी बोअरला 0.1 मिमी, 70 ला 0.28 च्या आसपास. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. गॅप कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते. कानस बाहेरच्या कडेकडून आत, एकाच दिशेनं चालवावी.

*

आधी ऑइल रिंग, मग दुसरी, शेवटी वरची. खूण असलेली बाजू वर. तिन्ही गॅप एकमेकांपासून 120 अंशांवर. टोकं गरजेपुरतीच फाकवावीत. रिंग वाकण्याआधी तुटते.

*

आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोकमध्ये गॅप फिरवायची मुभा नाही. खाचेत बारीक पिन असते, रिंगेची टोकं तिच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत. रिंग फिरली तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटेल.

*

क्रँककेसचं तोंड फडक्यानं बंद केल्याशिवाय सर्क्लिपला हात लावू नये. सर्क्लिप दर वेळी नवीच. गजन पिन घट्ट असेल तर पिस्टन तापवावा; हातोडीचा मार कनेक्टिंग रॉडवर बसतो.

*

सिलिंडर खाली घेताना दोन माणसं हवीत. एकानं तो सरळ धरायचा, दुसऱ्यानं बोटांनी एकेक रिंग दाबून आत सरकवायची. अडलं की थांबायचं, वर उचलायचं, बघायचं. जोर लावायचा नाही.

*

काम संपल्यावर ओव्हरसाइझ, पिस्टनची मोकळीक आणि रिंग गॅप कागदावर लिहून गाडीवाल्याला द्यावेत. इंजिन बंद झालं की यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पुढं कधी ते उघडणाऱ्याला किती झीज झाली हे त्या आकड्यांवरूनच कळेल.